दहावीच्या बॅचच्या ॲडमिन मंडळींस

स. न. वि. वि.

तुम्ही कुठल्या शाळेचे, कुठल्या सालचे, हे विचारत नाही. ग्रुपची नावं वेगवेगळी, आतला माल एकच. सकाळी सहाला गुलाब, आठला सुविचार, दुपारी कुणाच्या तरी सासऱ्यांच्या निधनाची बातमी आणि तिच्याखाली ओळीनं ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, रात्री दहानंतर बायकोवरचे विनोद. माझ्या बहिणीचा ग्रुप सांगलीकडचा, वहिनीचा लातूरचा, माझा सातारा जिल्ह्यातला. तिन्ही फोन शेजारी ठेवले तर कुठला कुणाचा ते सांगता यायचं नाही.

आमच्या ग्रुपचा ॲडमिनही हे वाचेल. त्याला ‘तुम्ही’ म्हणताना हसू येतंय, कारण नववीत नेलेलं माझं कर्कटक त्यानं अजून परत केलेलं नाही. पण पत्र खुलं आहे, तेव्हा मान देऊन लिहिते.

झालं ते असं. रात्रीचे पावणेअकरा झाले होते. माझं मेडिकलचं दुकान आहे. शटर अर्धं ओढून मी दिवसाचा हिशेब जुळवत होते. ग्रुपवर एकानं विनोद टाकला. तो सांगत बसत नाही, तुम्हाला पाठ आहे. बायको माहेरी गेली म्हणून नवरा नारळ फोडतो, त्याच जातीचा. फक्त यातली बायको शेवटी मरते आणि हसायचं तिथंच असतं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणाऱ्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग लागली. तेवढ्यात आमच्यातल्या एकीनं लिहिलं, “अरे, हे नको ना टाकू. आम्ही पण आहोत इथं.”

एवढंच. ना भाषण, ना शिवी.

पहिलं उत्तर आलं, “अगं, गंमत आहे.” मग “मस्करीची कुस्करी नको.” मग “तुझ्या मिस्टरांची काळजी वाटायला लागली आता.” त्यावर पुन्हा पिवळे चेहरे. मग एकानं लिहिलं, “मॅडम रागावल्या.” ही गंमत बघा. दहा मिनिटांपूर्वीपर्यंत ती त्या सगळ्यांची ‘ए’ होती, पाळण्यातल्या नावानं हाक मारायचे तिला. तोंड उघडलं आणि मॅडम झाली. पुढच्या मिनिटाला ताई. आपल्याकडे बाईला गप्प करायचं असलं की आधी मान देतात.

सगळ्यात शेवटी ॲडमिन आला. “कृपया वाद नको. ग्रुपचं वातावरण बिघडवू नये.” खाली हात जोडलेले. ग्रुपच्या माहितीत त्याचे नियम लिहिलेत: राजकीय पोस्ट नको, धार्मिक पोस्ट नको, नियम मोडल्यास काढून टाकण्यात येईल. बाईच्या मरणावरचा विनोद त्या नियमांत बसत होता. “नको ना टाकू” बसलं नाही.

अकरा वाजून पाच मिनिटांनी कुणीतरी चांदण्याच्या फोटोवर ‘शुभ रात्री’ टाकून पडदा पाडला.

मी काय केलं तेही सांगते, नाहीतर हे पत्र लिहायचा मला अधिकार नाही. मी तिला पर्सनलला अंगठा पाठवला. “बरोबर बोललीस गं.” नंतर तिच्याकडून कळलं की असे अंगठे तिला सहा जणींनी पाठवले होते. ग्रुपवर एकीचाही नाही. आम्ही सहा जणी त्या रात्री ग्रुपवर एक-एक ओळ लिहितो तर सात ओळी झाल्या असत्या. हिशेब जुळवत बसलेल्या बाईला एवढी बेरीज सुचू नये?

तुम्ही म्हणाल, विनोदाचं एवढं काय मनावर घ्यायचं. विनोदाचं वावडं आम्हाला कधीच नव्हतं. भोंडल्याला हस्ताच्या हत्तीभोवती फेर धरून सासरच्या माणसांची जी यथेच्छ टिंगल होते, ती ऐकलीत तर तुमचे फॉरवर्ड तुम्हालाच मिळमिळीत वाटतील. हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत नवऱ्याचा राग आहे, सवतीवर टोमणे आहेत, भावाचं कौतुक आहे, काय नाही? पहाटे जात्याशी बसणाऱ्या दोघीतिघींचा तो ग्रुपच होता. फरक एवढाच की तिथं ज्याच्यावर बोलायचं तो आत झोपलेला असायचा. तुमच्याकडे आम्हाला समोर बसवून आमच्यावरच हसायचं आणि आम्ही हसलो नाही तर आम्हालाच मॅडम म्हणायचं.

आता थोडं मागं जाते. आमच्या हजेरीपटावर मुलांचे नंबर आधी संपायचे, मग मुली सुरू व्हायच्या. माझा एकेचाळीस. वर्गात मुलं दाराकडच्या बाकांवर, मुली खिडकीकडच्या. मुलाशी बोलणं म्हणजे दुसऱ्या दिवशी आपलं नाव त्याच्या नावाला जोडून मुतारीच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेलं असणार. ते पुसायला शिपाईमामा ओला बोळा घेऊन यायचे. ज्याचं लिहिलेलं असायचं त्याला काही नाही, मुलीच्या घरी मात्र निरोप.

मी सातवीत असताना, मार्च १९९० मध्ये, उल्हासनगरच्या परीक्षा केंद्रात दहावीचा पेपर लिहीत असलेल्या मुलीला एका तरुणानं जाळून मारलं. तिनं त्याला नकार दिला होता. पेपरात ती बातमी आली त्या दिवशी माझ्या वडिलांनी चहा अर्धा टाकला. नंतर आमच्या गल्लीतल्या मुलींचं एकट्यानं शिकवणीला जाणं बंद झालं. मुलांच्या घरी त्या बातमीनं काय बदललं, हे मी एकदा ग्रुपवर विचारणार होते. विचारलं नाही. वातावरण बिघडलं असतं.

म्हणून २०१६ मध्ये जेव्हा हा ग्रुप निघाला तेव्हा आमच्यासाठी ती केवढी मोठी गोष्ट होती, ते तुम्हाला कळलेलं नाही असं मला वाटतं. ज्या मुलांशी तीन वर्षांत तीन वाक्यं बोललो नव्हतो, त्यांच्याशी तेवीस वर्षांनी पहिल्यांदा बोललो. कुणाच्या मुलीचं बारावीचं टेन्शन, कुणाची शुगर, कुणाच्या द्राक्षबागेचं नुकसान. कोळशाची भीती नव्हती. मला तो ग्रुप आवडायचा. अजूनही आवडतो, म्हणूनच एवढा कागद काळा करतेय. न आवडता तर गुपचूप निघून गेले असते, जशा बाकीच्या गेल्या.

कोळसा पर्सनलला आला.

ग्रुपमध्ये नाव आलं की नंबर सगळ्यांना मिळतो, हे तुम्हाला माहीत आहे. पहिल्या आठवड्यात गुलाब येतो. मग “डीपी मस्त.” मग रात्री “जेवलीस का?” या दोन शब्दांत वाईट काय, असं कुणीही विचारेल, आणि तीच त्यातली खुबी आहे. उत्तर दिलं तर रोज येतो, नाही दिलं तर “एवढा भाव?” पंधरा दिवसांनी “शाळेत असताना तू मला आवडायचीस, कधी बोललो नाही.” दुकानात एक वर्गमैत्रीण बीपीच्या गोळ्या न्यायला येते. तिनं एकदा काउंटरवर फोन उलटा करून माझ्यासमोर सरकवला. एकाच माणसाचे “जेवलीस का?” आणि मधे तिचं एकही उत्तर नाही. मी अंगठ्यानं वर सरकवत राहिले, संपेना. मागं गिऱ्हाईक उभं होतं, तिनं पटकन फोन पर्समध्ये टाकला. नंतर तिच्या डीपीवर तुळशीवृंदावन आलं. आमच्या ग्रुपमधल्या बायकांचे डीपी एकदा सवडीनं बघा: गणपती, स्वामी समर्थ, जास्वंद, नातवंड, मोरपीस. पुरुषांचे बघा: बुलेटवर, गडावर, नव्या गाडीच्या बॉनेटला टेकून. तुम्हाला वाटतं आमच्या बॅचच्या मुली फार देवभोळ्या निघाल्या.

नापसंती स्पष्ट दाखवूनही बाईशी पुन्हा पुन्हा संपर्क साधत राहणं हा २०१३ पासून आपल्या कायद्यात गुन्हा आहे, मग तो फोनवरून असो नाहीतर रस्त्यावर. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. पण “जेवलीस का?” घेऊन पोलीस चौकीत कोण जाणार? तिथला हवालदारही कुठल्या तरी बॅचचा असतोच की. आणि घरी कळलं तर नवरा आधी हेच म्हणणार, कशाला पाहिजे तो ग्रुप? एकीचा सुटला तो असाच. मुळात फोन हातात असणं हीच अजून अर्ध्या जणींची चैन आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) स्वतःला वापरायला मोबाइल असलेल्या बायका देशात ५४ टक्के निघाल्या, आणि इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या ३३ टक्के, पुरुष ५७. जी एवढ्या चाळण्यांतून तुमच्या ग्रुपपर्यंत पोचते, तिला तुम्ही सुविचार वाचायला बसवता.

सांगायला हवं असं चांगलंही आहे. एप्रिल २०२१ मध्ये रेमडेसिविरसाठी माणसं रानोमाळ फिरत होती तेव्हा आमचा ग्रुप रात्रभर जागा असायचा. कुठल्या गावात ऑक्सिजनचा बेड आहे, कुणाकडे सिलिंडर आहे. मेडिकलवाली म्हणून मी रात्री दोन-दोन वाजता त्यावर बोलत होते, फोन घेत होते. कुणी मॅडम म्हटलं नाही, कुणी “एवढ्या रात्री ऑनलाइन?” म्हणून डोळा मारला नाही. नंतर मला कळलं का ते. मला काम होतं. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या सार्वजनिक जागांचा अभ्यास करून २०११ मध्ये हेच मांडलं होतं: बाई रस्त्यावर चालते, पण कामाला निघाल्यासारखी. हातात पिशवी, कानाला फोन, नजर समोर. उगाच नुसतं रेंगाळायची मुभा तिला नसते. पुरुष मात्र टपरीवर तासभर काही न करता उभा राहू शकतो. ग्रुपवर अगदी तसंच आहे की. दिवाळी फराळाची ऑर्डर, शिकवणीची जाहिरात, रक्तगट हवाय, वाढदिवसाच्या शुभेच्छा, एवढ्यासाठी बाईनं यावं आणि जावं. काही काम नसताना रात्री अकराला एखादा फालतू किस्सा सांगत ती बसली, तर दुसऱ्या मिनिटाला पर्सनलला “झोप नाही का येत?” हजर.

गेट-टुगेदरचं थोडक्यात आटपते, कारण त्यावर लिहायला बसले तर कादंबरी होईल. २०१८ ला आमच्या दहावीला पंचवीस वर्षं झाली. वर्गणी सगळ्यांना सारखी, दीड-दीड हजार. मुलींना पैठणी, मुलांना फेटे. रांगोळी मुलींची, सरांना ओवाळणं मुलींचं, स्वागतगीत मुलींचं. प्रास्ताविक, मनोगत, आभार मुलांचे. चाळिशी उलटलेल्या आम्ही, एक जिल्हा परिषदेत अधिकारी, एक भूलतज्ज्ञ, तबक घेऊन दाराशी उभ्या. पैठणी नेसून पाच तास झाल्यावर बाथरूम शोधायला गेलो तर मुलींच्या बाजूला कुलूप. किल्ली शिपायाकडे, शिपाई जेवायला. दहावीत असतानाही ते कुलूप तिथंच होतं. निदान आता नवीन घेतलंय, एवढी सुधारणा. मुलांना हे माहीत नव्हतं, कारण त्यांना शाळेच्या मागची भिंत होती. सहा वाजता आम्हाला हार, नारळ आणि “सावकाश जा” मिळालं, आणि मग म्हणे फार्महाउसवर खरा कार्यक्रम झाला. उरलेल्या वर्गणीतून.

एक जुनी गोष्ट आठवते. १८८१ मध्ये सुरतेच्या एका तरुण विधवेला नवजात मुलाच्या खुनासाठी फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी झाली. तिच्या निमित्तानं त्या वेळच्या वर्तमानपत्रांत सगळ्याच बायकांच्या चालचलणुकीवर लिहिलं जाऊ लागलं. कोण कुठली सुरतेची पोर, आणि धडे सगळ्यांना. आजच्या भाषेत ट्रेंड झालं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांना ते सहन झालं नाही. त्यांनी १८८२ मध्ये पुस्तक लिहून पुरुषांना एकेक दोष मोजून परत केला, त्यांच्याच पदरात. मग त्यांच्यावर तुटून पडणारे उठले. त्या वेळी जोतिराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. जाहीर, छापून. घरी बोलावून पाठीवर हात ठेवला आणि बाहेर गप्प बसले, असं नाही केलं. ताराबाईंचं त्यानंतर दुसरं काही छापलेलं सापडत नाही. मला हे वाचताना दर वेळी वाटतं, एक जोतिराव होते, आणखी दहा असते तर? मग स्वतःचा तो अंगठा आठवतो.

आता तुमच्या अधिकाराचं. “ॲडमिन काय करणार?” हे तुमचं लाडकं वाक्य आहे. त्याला आधार म्हणून २०२१ चा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा निकालही तुम्ही ग्रुपवर टाकला होता. मीही वाचला तो, नीट वाचला. गोंदिया जिल्ह्यातलं प्रकरण. ग्रुपवर एका सदस्यानं एका महिला सदस्याला अश्लील शब्द वापरले, ॲडमिननं त्याला काढलं नाही, माफीही मागायला लावली नाही, म्हणून ॲडमिनवरही गुन्हा नोंदला गेला. न्यायालयानं ॲडमिनवरचा गुन्हा रद्द केला. कारण काय दिलं? सामायिक हेतू दिसत नसेल तर दुसऱ्याच्या पोस्टसाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. त्याच्या हातात माणसं घेणं आणि काढणं एवढंच असतं, आलेला मजकूर आधी तपासायची सोय त्याला नसते. मला तो निकाल पटतो. दुसऱ्याच्या तोंडासाठी तुम्हाला तुरुंगात जायला लागू नये. पण निकालात ‘एवढंच’ म्हणून जे मोजलंय, घेणं आणि काढणं, ते तरी कधी वापरलंत? राजकीय पोस्टसाठी दोघांना एका रात्रीत काढलंत, मिनिट लागलं नाही. आणि निकालानंतरच्या वर्षी व्हॉट्सॲपनं कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसून टाकायचं बटणही तुमच्या हातात दिलं. शिपाईमामांचा ओला बोळा तुमच्याकडे आहे आता.

मागणं फार मोठं नाही. पुढच्या वेळी कुणी “नको ना टाकू” म्हणाली तर हात जोडून तिला गप्प करण्याऐवजी त्या मेसेजवर बोट दाबून धरा. ग्रुपवर लिहा, तिच्या पर्सनलला नको. “जेवलीस का?”वाला कोण आहे ते तुम्हाला माहीत आहे, प्रत्येक ग्रुपमध्ये तो एक असतो आणि सगळ्या पोरींना पाठ असतो, तुम्हालाही असतो, कारण टपरीवर तुम्हीच त्याची थट्टा करता. त्याच्याशी तुम्ही बोला. आम्ही बोललो की तो भाव खाल्ला होतो. आणि एखादीला ॲडमिन करा, पण ‘महिला प्रतिनिधी’ म्हणून नको. ते पद आम्ही ग्रामपंचायतीत बघितलंय, सही तिची आणि खुर्चीत नवरा.

राहिली ती. ज्या रात्री तिनं लिहिलं, त्याच रात्री ती ग्रुपमधून गेली. पूर्वी कुणी गेलं की सगळ्यांना ओळ दिसायची. २०२२ पासून तसं होत नाही. कोण गेलं ते फक्त ॲडमिनला कळतं. म्हणजे तुम्हाला कळलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तुम्ही नेहमीसारखा गुलाब टाकलात. मला मात्र ती दुकानात आली तेव्हा समजलं, बारा दिवसांनी. मग ग्रुपच्या माहितीत जाऊन अगदी तळापर्यंत खाली गेले. तिथं आधीच्या सदस्यांची यादी असते, साठ दिवसांची. तिच्याबरोबर आणखी दोघींची नावं होती, त्या केव्हा गेल्या ते मला माहीतच नव्हतं.

आज त्रेचाळिसावा दिवस आहे. तिचं नाव तिथं आणखी सतरा दिवस दिसेल. त्या दोघींची तर आता निघालीही.

आपली,
हजेरी क्रमांक ४१
दहावी ब, मार्च १९९३

ता. क. कर्कटक राहू दे.